गोव्याचा मोगरा आणि टस्कनीचा ड्यूक

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे तीन गोष्टी हव्यातच : आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे आणि मोगऱ्याचा गजरा. पहिल्या दोहोंची सर्वत्र स्तुती होते. कोणाच्या डाळीला मिरची जास्त झाली आणि कोणाच्या पन्ह्यात वेलदोडा बेताचा पडला, याची चर्चा पुढे आठवडाभर पुरते. गजऱ्याची मात्र कोणी चर्चा करीत नाही. तो केसांत माळायचा, रात्री उशाशी काढून ठेवायचा आणि सकाळी निर्माल्यात टाकायचा. इतका तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

ह्याच मोगऱ्यासाठी सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका राजाने ऊब दिलेले घर राखले, त्याची फांदी कोणाला मिळू नये म्हणून बंदी घातली, आणि तरीही ती फांदी बाहेर गेलीच, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मला हाच विषय सुचला. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. घरामागच्या चार वाफ्यांतून आणि हाती आलेल्या पुस्तकांतून जे समजले, तेच येथे मांडते.

मोगरा मूळचा आपल्या बाजूचा. संस्कृत वाङ्मयातली मल्लिका ती हीच. इंग्रजीत मात्र त्याला ‘अरेबियन जास्मिन’ म्हणजे अरबस्तानची जाई म्हणतात. अरबांच्या हातून ओळख झाली म्हणून युरोपने त्यांचेच नाव दिले. शास्त्रीय नावातला ‘सांबाक’ हा शब्दही अरबीतूनच आलेला आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा त्याने मोगरा आणि आपला पारिजातक यांना एकाच कुळातले भाऊ म्हणून शेजारी शेजारी बसवले. पुढे १७८९ साली स्कॉटिश पंडित एटन याने मोगऱ्याला जाई-जुईच्या घरात परत आणले. आपल्या आजीने हे काम चष्मा न लावता केले असते!

पुढची सारी गोष्ट ज्यावर उभी आहे, तो मोगऱ्याचा एक गुण आधी सांगितला पाहिजे. गच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला, म्हणजे आपण ज्याला बटमोगरा किंवा हजारी मोगरा म्हणतो त्याला, बी धरत नाही. गुलबक्षीचे बी वाऱ्याने पडते आणि रोप आपोआप उगवते. बटमोगऱ्याचे तसे नाही. त्याचे नवे झाड हवे असेल तर कोणीतरी हाताने करावे लागते. पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून, पेरापाशी थोडी साल खरवडून, ती मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि मुळे फुटली की आईपासून तोडायची, हे दाबकलम. नाहीतर बोटाएवढी, धड कोवळी नाही की धड जून नाही अशी काडी ओलसर वाळूत रोवून सावलीत ठेवायची, हे छाटकलम. आज जगात जेथे जेथे बटमोगरा आहे, तेथे तो असा कोणाच्या तरी हातून गेलेला आहे. मध्ये एका पिढीने हात आखडता घेतला, तर ती जात तेथे संपली.

आता टस्कनीकडे वळू. इटलीच्या मध्यभागी फ्लॉरेन्स नावाचे सुंदर शहर आहे. त्या शहरावर आणि भोवतालच्या टस्कनी प्रांतावर मेदिची घराण्याचे राज्य होते. त्यांतला तिसरा कोझिमो १६७० साली ग्रँड ड्यूकच्या गादीवर आला आणि १७२३ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, त्याने राज्य केले. राज्यकारभारात त्याची फारशी कीर्ती नाही. कर वाढवले आणि खजिना रिता केला, असेच इतिहासकार सांगतात. परंतु फळाफुलांचे त्याला विलक्षण वेड होते. निरनिराळी लिंबे, संत्री, नासपाती, द्राक्षे त्याने जमवली आणि बार्तोलोमेओ बिंबी नावाच्या चित्रकाराकडून त्यांची मोठमोठी चित्रे काढवून घेतली. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो येथे मेदिचींचा बागबंगला होता. त्या बागेत १६८८ च्या सुमारास कोझिमोने गोव्याहून एक झुडूप आणवले. तेथील लोक त्याला ‘मुगेरीनो’ म्हणू लागले. हा शब्द उच्चारून पाहा. ‘मोगरी’च ती, इटालियन झगा घातलेली!

गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथून युरोपला जायची वाट आफ्रिकेला वळसा घालून. वारे चांगले लागले तर सहा-सात महिने, नाहीतर त्याहूनही अधिक. सुएझचा कालवा व्हायला अजून पावणेदोनशे वर्षे होती, आणि झाडे नेण्याची काचेची बंद पेटी लंडनच्या डॉक्टर वॉर्डने काढली ती १८२९ नंतर. तेव्हा त्या काळी झाड न्यायचे म्हणजे मातीच्या पेटीत, उघड्या डेकवर. खारे पाणी उडे, उंदीर मुळे कुरतडत, आणि खलाशांनाच प्यायला पाणी अपुरे तिथे झाडाला कोण देणार? पेटीतली बहुतेक झाडे वाटेतच मरत. त्यातून जे एखादे पोचे, त्याची किंमत राजाला का वाटू नये?

पण खरी परीक्षा पोचल्यावर सुरू होई. आपल्या कोकणात मोगऱ्याला थंडी म्हणजे काय हे ठाऊकच नाही. फ्लॉरेन्सला जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. झाडाच्या पेशींत पाणी असते. ते गोठले की पेशी फुटतात आणि दुसऱ्या दिवशी पाने उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबतात. म्हणून या मुगेरीनोसाठी कास्तेल्लोच्या बागेत ऊब दिलेले घर राखले गेले. इटालियनमध्ये अशा घराला ‘स्तूफा’ म्हणतात, म्हणजे शेगडीचे घर. कास्तेल्लोच्या बागेचा तो भाग आजही मोगऱ्याच्या स्तूफेच्या नावाने ओळखला जातो.

ही ऊब देणे सोपे नव्हते. प्रथम लोक निखाऱ्यांच्या शेगड्याच आत नेऊन ठेवीत. झाडे थंडीने मरण्याऐवजी धुराने मरत. जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थाने १६९१ साली असे सुचवले की, भट्टी घराबाहेर ठेवावी आणि बाहेरची स्वच्छ हवा नळांतून तापवून आत घ्यावी. आपल्या घरांतली चूल गेली आणि धूर गेला तेव्हा आपल्या डोळ्यांना जे सुख झाले, तेच सुख त्या झाडांना झाले असेल! हॉलंडात आणि इंग्लंडात आणखी एक युक्ती निघाली. कातडी कमावून उरलेला ओकच्या सालीचा चोथा खड्ड्यात भरीत. तो महिनोन्‌महिने आतल्या आत हळूहळू तापत राही. त्यात कुंड्या पुरून ठेवल्या की मुळांना ऊब मिळे. शेणखताच्या ढिगात हात घातला तर तो कसा कढत लागतो, हे आपल्यापैकी खेड्यातून आलेल्या भगिनींना सांगायला नको.

१७०९ च्या जानेवारीत तर युरोपात अशी थंडी पडली की, व्हेनिसची खाडी गोठली आणि दक्षिण फ्रान्समधल्या ऑलिव्हच्या बागाच्या बागा करपल्या. अशा रात्री स्तूफेत जागणारा माळी कोण होता, भट्टीत लाकूड कोण सारीत होता, याची नावे ड्यूकच्या चरित्रांत सापडत नाहीत. झाड जगले ते मात्र त्यांच्यामुळे.

हिवाळ्यात झाड सांभाळायचे म्हणजे त्याला नुसते उबेत कोंडायचे, असे मात्र नाही. ज्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांचे नियम साधे आहेत. पहिले कडक दहिवर पडण्यापूर्वी कुंडी आत घ्यावी. पाणी एकदम कमी करावे, कारण झाड झोपी गेलेले असते आणि झोपलेल्याला जेवू घालू नये. जितका मिळेल तितका उजेड द्यावा. ऊन पडले की दुपारी घटकाभर खिडकी उघडावी. काही पाने गळाली तरी घाबरू नये. वसंत आला की फांद्या छाटून, माती बदलून, रात्रीची थंडी मोडल्यावरच कुंडी बाहेर काढावी. कास्तेल्लोला लिंबा-संत्र्यांच्या शेकडो कुंड्या आहेत. त्या आजही दर हिवाळ्यात आत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी बाहेर येतात.

गंमत अशी की, आपले वसईकडचे आणि जव्हार-विक्रमगडकडचे मोगरावाले दुसऱ्या टोकाने तेच करतात. थंडीच्या दिवसांत ते पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग छाटणी करतात, खत घालतात आणि पाणी सोडतात. विश्रांती मिळालेले झाड मग उन्हाळ्यात कळ्यांनी लगडते. इकडे थंडी नाही म्हणून विश्रांती मुद्दाम द्यावी लागते. तिकडे थंडी इतकी की विश्रांतीचे मरण होऊ नये म्हणून जपावे लागते.

इतक्या कष्टाने जगवलेले झाड ड्यूकला कोणाला द्यावेसे वाटेना. कास्तेल्लोला आणि पिसाच्या बागेत हा दुहेरी मोगरा आहे, पण ड्यूक त्यावर पहारा ठेवतो, काडीसुद्धा बाहेर जाऊ देत नाही, अशी कुरकूर जुन्या इंग्रजी बागकामाच्या ग्रंथांत आढळते. यावरच टस्कनीत एक दंतकथा रूढ आहे. ड्यूकच्या एका तरुण माळ्याचे लग्न ठरले होते. पण दोघांच्याही घरी दारिद्र्य, म्हणून लग्न लांबत होते. मुलीच्या वाढदिवसाला त्याने फुलांचा गुच्छ नेला, त्यात मोगऱ्याची एक फांदी होती. मुलगी चतुर. तिने फांदी फुलदाणीत न ठेवता मातीत खोचली, थंडीत जपली आणि पुढे तिची कलमे करून विकली. त्या पैशांवर त्यांचे लग्न झाले. म्हणून टस्कनीतल्या नवऱ्या मुली लग्नात ही फुले माळू लागल्या, असे सांगतात.

ही कथा खरी की खोटी, हे मी सांगू शकत नाही. दंतकथा म्हणूनच ती घ्यावी. परंतु तीत बागकामाचे शहाणपण मोठे आहे. फुलाची फांदी पाहून ड्यूकला मालकी आठवली, माळ्याला प्रेम आठवले, आणि मुलीला आठवले ते हे की, हिला मूळ फुटेल!

पहाऱ्याने झाड टिकते का, याचे उत्तर इंग्लंडात पाहावे. तेथे राणी मेरीने १६८९ नंतर हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यात परदेशी नाजूक झाडांसाठी काचेची उष्ण घरे बांधवली. ही राणी स्वतः झाडांची मोठी जाणकार होती. १६९४ साली ती देवीच्या रोगाने वारली. सतराव्या शतकाच्या अखेरीस दुहेरी मोगरा त्या बागेत होता. पुढे तो नाहीसा झाला. एकाच ठिकाणी एकच झाड ठेवले म्हणजे एका रात्रीची थंडी पुरते.

त्याच काळात बॅडमिंटन येथे ब्यूफोर्टची डचेस मेरी सॉमरसेट राहात होती. (होय, ज्या गावाच्या नावाने आपल्या मुली खेळ खेळतात, तेच हे!) तिने देशोदेशीची शेकडो झाडे बियांपासून वाढवली. मोठमोठ्या पंडितांकडची आजारी झाडे तिच्याकडे येत, आणि आपल्या उष्णगृहाला ती झाडांचे रुग्णालय म्हणे. तिने वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे बारा खंड आजही लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. शास्त्रज्ञ म्हणून तिला कोणी पदवी दिली नाही. पण तिच्या हाताला गुण होता, हे पदवीवाल्यांनी मान्य केले.

सामान्यांच्या घरी मोगरा पोचवला तो व्यापाऱ्यांनी. जिनोव्हाहून इटालियन विक्रेते संत्र्यांची झाडे घेऊन लंडनला जात. त्यांच्याबरोबर ते मोगऱ्याची कलमेही नेत. ही कलमे युरोपातल्या थंडी सोसणाऱ्या साध्या पांढऱ्या जाईच्या खोडावर बांधलेली असत. खाली तिकडची मुळे, वर आपला मोगरा. परदेशी संसार थाटण्याची ही रीत आजच्या पिढीला चांगलीच ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा जुन्या गोव्याला गेले, तेव्हा बॉम जेझूच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपुढे उभी होते. खाली रंगीत संगमरवराचा आणि ब्राँझच्या कोरीव पत्र्यांचा भव्य चौथरा आहे. वाटाड्याने सांगितले की, हा फ्लॉरेन्सच्या ड्यूकने पाठवला. नाव विचारले, तर तिसरा कोझिमो! फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ साली तो येथे बसवण्यात आला. संताच्या डोक्याखालची उशी ड्यूकला मिळाली, तिची ही परतफेड, असे सांगतात. मला मात्र तेथे वेगळेच वाटले. दहा वर्षांपूर्वी ह्याच भूमीने त्याला मोगरा दिला होता. इकडून फूल गेले, तिकडून दगड आला. दगडाखाली कोणी दिला त्याचे नाव आहे. फूल कोणी काढून दिले, गोव्याच्या कोणत्या परसातले ते होते, हे कोणालाच ठाऊक नाही.

कोझिमोचे घराणे पुढे फार टिकले नाही. त्याचा मुलगा १७३७ साली निपुत्रिक वारला आणि राज्य परक्यांकडे गेले. त्या वेळी कोझिमोची मुलगी आना मारिया लुईझा हिने एक करार करून घेतला. मेदिचींची चित्रे, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर यांतले काहीही फ्लॉरेन्सबाहेर नेता येणार नाही, ते लोकांच्या उपयोगासाठी तेथेच राहील, असे त्यात होते. आज जगभरचे लोक फ्लॉरेन्सला जातात, ते या बाईच्या दूरदृष्टीमुळे. परंतु तिला झाडासाठी असा करार करता आला नसता. चित्र एकदा भिंतीवर टांगले की ते राहते. झाड दर हिवाळ्याला नव्याने वाचवावे लागते.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा टोरांटोहून फोन आला. “मावशी, इथल्या नर्सरीत आपला बटमोगरा मिळाला. आणि पाटीवर काय लिहिलंय, सांगू? ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’!” ती हसत सुटली. मी मात्र थक्क झाले. ज्याने काडी बाहेर जाऊ दिली नाही, त्याचेच नाव साऱ्या जगातल्या कुंड्यांवर! पहिला हिवाळा आला तसे तिचे रोज प्रश्न सुरू झाले. मी तिला वर सांगितलेलेच नियम सांगितले. तिकडच्या घरांत आणखी एक शत्रू असतो. तापवलेली हवा कोरडी पडते आणि पानांखाली लाल कोळी धरतो. म्हणून कुंडी गरम हवेच्या झोतापासून दूर, दक्षिणेच्या खिडकीत ठेवायला आणि पाने दर आठवड्याला पाण्याने धुवायला सांगितले. जूनमध्ये कुंडी बाहेर गेली आणि जुलैत तिने पहिले फूल देवाला वाहिले. लगेच पुन्हा फोन : “शेजारच्या बाई फांदी मागतायत. देऊ का गं?”

“विचारतेस काय? दोन दे,” मी म्हटले. “एक त्यांच्याकडे नाही लागली तर दुसरी लागेल. आणि तुझं झाड गेलं तर परत मागायला घर राहील.”

फांदी देणे हा दानधर्म नव्हे, हा आपल्याच झाडाचा विमा आहे, हे मी तिला एवढ्यासाठी सांगितले. फिलिपीन्सने मोगऱ्याला १९३४ साली आपले राष्ट्रीय फूल मानले, इंडोनेशियानेही पुढे त्याला तोच मान दिला, आणि हवाई बेटांत तर राजकन्या काइउलानीच्या आवडत्या मोरावरून त्याला मोराचेच नाव मिळाले. यांतल्या एकाही देशात तो पहाऱ्यामुळे गेलेला नाही. कोणी मागितला आणि कोणी दिला, एवढाच त्याचा इतिहास.

आपल्या मंडळाची गोष्टही याहून वेगळी नाही. लोणच्याची कृती असो, शिवणाचा बेत असो की अडल्यानडल्या मुलीला द्यायचा धीर असो, आपण जे जपले ते एकमेकींना देऊनच जपले. म्हणून माझी एक सूचना आहे. यंदा आषाढ लागला की ज्या भगिनींच्या दारी मोगरा आहे, त्यांनी प्रत्येकी दोन फांद्या जमिनीत दाबून ठेवाव्यात. भाद्रपद-आश्विनापर्यंत त्यांना मुळे धरतील. दसऱ्याच्या सभेला ती रोपे मंडळात आणावीत आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना द्यावीत. रोपाबरोबर देणारीचे नाव लिहिलेली चिठ्ठी मात्र अवश्य बांधावी.